रोडग्यांची पंगत

भर हंगामात दुपारी जिनिंगमध्ये जो उजेड असतो, तो दुसरीकडे कुठे सापडायचा नाही. कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे धडधडत असतात, त्यांतून सुटलेली बारीक रुई हवेत तरंगत राहते, पत्र्याच्या फटींतून ऊन खाली उतरतं आणि त्या उन्हात माणसं अर्धी दिसतात, अर्धी दिसत नाहीत. पापण्यांवर रुई, मिशांवर रुई, डब्यातल्या भाकरीवरसुद्धा रुई. अकोटच्या बाहेर, ओमप्रकाश शेठच्या या जिनिंगमध्ये वर्षालीचं सगळं तरुणपण गेलं होतं, तरी त्या उजेडात पाऊल टाकलं की आपण जागे आहोत की झोपेत, असं तिला अजूनही वाटायचं.

यंदा मात्र त्या उजेडात एक गोष्ट नवीन होती. ती आत शिरली की बोलणं थांबायचं. रेचे आपले चालूच असायचे, पण माणसांचे ओठ मिटायचे. कचरा वेचणाऱ्या बाया खाली मान घालायच्या, हमाल पाठ फिरवून विडी विझवायचे. खुर्ची मिळाली की माणसाचे कान जातात म्हणतात. वर्षालीचं उलटंच झालं. बिचारी कान टवकारून हिंडत होती आणि कोणी बोलायलाच तयार नव्हतं.

ती इथे आली ती गाड्यांचा काटा, म्हणजे वजन, करायला. काट्यावरून खरेदीवर, खरेदीवरून गाठींच्या हिशेबावर, असं तिला एकेक पायरी वर चढवलं ते पंजाबराव मॅनेजरांनी. गेल्या उन्हाळ्यात ते निवृत्त होऊन अमरावतीला लेकीकडे राहायला गेले, आणि जाताना शेठजींना म्हणाले, "माह्या जागी हे पोरगी बसवा. रागीट हाये, पन खोटी नाई." शेठजींनी बसवली. बाई मॅनेजर म्हणून गावात चार दिवस चर्चा झाली, मग कापूस आला आणि चर्चा करायला कोणाला वेळ उरला नाही.

आणि आता कुंदन चालला होता. कुंदन म्हणजे हेडमिस्त्री. रेच्याच्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखणारा, वर्षाली आली त्याच हंगामात कामाला लागलेला, वर्षानुवर्षं तिच्या डब्यातलं लोणचं न विचारता उचलणारा. परवा सकाळी तो टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, अकोल्याच्या एका मिलमधी काम भेटलं. ह्या रविवारपर्यंत हाये मी."

"काहून?"

"काई नाई मॅडम. घरचं काम हाये."

कुंदनचं घर हिवरखेडला. घरच्या कामासाठी माणूस घराकडे पाठ करून अकोल्याला नोकरी धरतो, हे शेंबड्या पोरालाही पटायचं नाही. पण त्यापुढे तो बोलला नाही, आणि वर्षालीला विचारता आलं नाही.

तिला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. कारण याच कुंदनला तिने दिवाळीनंतर वाचवलं होतं. भर खरेदीत रेच्यांचा मोठा पट्टा तुटला, सगळी ओळ बंद पडली, अंगणात गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. शेठजी लाल होऊन आले आणि विचारू लागले, कोणाच्या हलगर्जीपणानं झालं हे? सगळ्यांच्या नजरा कुंदनकडे वळल्या. तेव्हा वर्षाली पुढे झाली होती. "शेठजी, चूक माही हाये. मिस्त्रीले काई म्हनू नका." बाया कौतुकानं बघत राहिल्या. हमाल म्हणाले, मन पाहा बाईचं. त्या रात्री तिला फार छान झोप लागली होती. त्या दिवसापासून कुंदन नजर चुकवायचा. उपकाराचं ओझं असेल, असं तिने धरून चाललं होतं.

त्याच आठवड्यात एक दिवस सुटी काढून ती एसटीच्या लाल गाडीत बसून अमरावतीला निघाली. थंडीची सकाळ होती. खिडकीबाहेर तुरीचे पिवळे पट्टे येत होते आणि जात होते, मधेच कापूस वेचून उलंगलेली काळी पऱ्हाटी, मधेच हरभऱ्याचं हिरवं. गाडी हलत होती तशी तिची मान डुलत होती आणि डुलक्यांत तिला जिनिंगच दिसत होतं, पण कसं, तर रेचे बिनआवाज फिरताहेत, कुंदन काही सांगतोय, त्याचे ओठ हलताहेत आणि ऐकू काही येत नाही. तिने जवळ जाऊन कान लावला तर कुंदनच्या तोंडातून रुईच बाहेर येत होती. दर्यापूरला कंडक्टरनं "चहा घ्या, चहा" म्हणून ओरडून गाडी जागी केली.

पंजाबराव गच्चीवर उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. जिनिंगचा माणूस रिकामा बसला की त्याच्या हातांना काहीतरी निवडायला लागतंच. तिला पाहून ते उठले नाहीत, नुसती शेंगांची टोपली तिच्याकडे सरकवली. तीही सोलू लागली. ऊन अंगात मुरत होतं, खाली कुणाच्या तरी नळाचं पाणी वाहत होतं, आणि वर्षालीला वाटलं, इथेच बसून राहावं, परत जाऊच नये.

"तोंड कायले सुकलं वं, पोरी?" पंजाबरावांनी विचारलं.

तिने सगळं सांगितलं. बंद ओठ सांगितले, पट्टा सांगितला, आपण पुढे झालो तेही सांगितलं, जरा रंगवूनच सांगितलं. पंजाबरावांनी कौतुक केलं नाही. ते म्हणाले, "औंदा रोडगे केले का?"

दर वर्षी मार्गशीर्षात जिनिंगची रोडग्यांची पंगत असायची. गावाबाहेरच्या संत्र्याच्या बागेत गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत, कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याची झणझणीत भाजी, वरण, वरून तूप.

"जेवन देल्लं न, काकाजी. रोडगे नाई केले. धुरात बसा, मांडी घाला, बायाईचे गुडघे दुखतात. म्या अकोटात हॉल घेतला. बुफे ठेवला. पनीर, गुलाबजाम. सारे खुश होते."

"वाढलं कोनं?"

"वाढाले कोन पाह्यजे? ज्याचं त्यानं घ्या."

पंजाबरावांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मंग तुले कोनी काई सांगतलं का त्या दिशी?"

"काय सांगतीन?"

"नाईच सांगनार. एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात चमचा, समोर मॅनेजर उभा. उभ्यानं मानूस पोटभर खात नाई, अन् पोटभर बोलत बी नाई."

वर्षालीला हसू आलं. पंगतीत ते स्वतः वाढायचे, वाकून वाकून, सगळ्या ओळीला. आणि ओळीतली माणसं त्यांना काय वाट्टेल ते बोलायची. पगार, पाणी, शिव्या, सगळं. पंजाबराव आपले "अजून घ्या, भाजी वाढू का" म्हणत पुढे सरकायचे. वाढताना मॅनेजर बहिरे होतात, असा जिनिंगभर विनोद होता.

"तुमाले तं वाढताना आयकूच येत नव्हतं," ती म्हणाली.

"सारं आयकू ये." पंजाबरावांनी शेंग फोडली. "माह्या पयल्या मॅनेजरनं शिकवलं होतं मले. वाढनाऱ्यानं जवाब द्याचा नाई. मांडी घालून बसला थो त्या दिशीचा राजा, अन् वाढनारा वाकलेला. वाकलेल्या मानसाले खरं सांगाचं भेव वाटत नाई."

"अन् जवाब?"

"जवाब मंग द्याचा, कामातून. तू काट्यावर होती तवा पंगतीत काय म्हनली होती मले, आठवते का?"

तिला आठवत नव्हतं. मग त्या उन्हात, शेंगांच्या कच्च्या वासात, हळूहळू आठवलं. काट्याजवळ सावली नव्हती. ती तोंडात रोडगा असतानाच म्हणाली होती, "सायेब, तुमी पंख्याखाली बसता अन् आमाले उन्हात वाळवता, आमी काय मिरच्या हाओ का?" सगळी पंगत हसली होती. पंजाबराव म्हणाले होते, अजून घ्या. आणि पुढच्याच आठवड्यात काट्यावर सावलीला पत्रे चढले होते. इतकी वर्षं ती त्या पत्र्यांखाली बसली, पण पत्रे तिच्या बोलण्यानं आले, हे तिला कधी सुचलं नव्हतं. तिला वाटलं होतं, जेवण म्हणजे जेवण.

"कुंदन काहून चाल्ला, तुमाले मालूम हाये न?" तिने विचारलं.

"असन मालूम. पन थे त्याच्या तोंडचं हाये, माह्या नाई." मग म्हणाले, "लागन तुले. चांगलं पोटात लागन. तवा बी जवाब देऊ नको. तुले सवय हाये, मानूस बोलाच्या आत त्याचं उत्तर तयार ठेवाची."

एवढं लागलं तिला तिथेच. पण ती काही बोलली नाही, आणि पंजाबराव हसले.

पंगत ठरली कुंदनच्या शेवटच्या दिवशी, त्या रविवारी. मार्गशीर्ष सरून गेला होता, पण रोडग्यांना कोण नाही म्हणतं? मोतीराम आचाऱ्यानं पहाटेच बागेत गोवऱ्या पेटवल्या. धूर वर जायला तयार नव्हता, झाडांच्या बुंध्यांपाशी निळा होऊन पडून राहिला होता, आणि वर पानांत राहिलेली संत्री त्या धुरात आपली आपण उजळल्यासारखी दिसत होती. माणसं येत होती ती धुरातून एकदम समोर उगवत होती. ओमप्रकाश शेठ आले. त्यांना मांडी घालायला दोघांनी हात दिला, आणि ते पत्रावळीपुढे बसले एकदाचे.

वर्षालीने पदर खोचला आणि वरणाची बादली उचलली. ती कोणाला काही सांगून बसली नव्हती. पहिली ओळ नुसतीच जेवली. बाई स्वतः वाढतेय याचंच त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. मग जयवंताबाई, कचरा वेचणाऱ्या बायांची मुकादम, म्हणाली, "भाजीत मीठ कमी हाये."

"अजून घ्या," वर्षाली म्हणाली.

जयवंताबाईनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग शेजारणीकडे पाहिलं. "आमच्या तिकडचा पंखा बंद पडला हाये. सांगाले आली होती म्या दोनदा. तू मान बी वर नाई केली. मंग नाई आली."

"वरन वाढू का?"

ओळीतून कुजबुज गेली. पंजाबरावांचं बहिरेपण पोरीला लागलं, कोणीतरी म्हणालं, आणि हसू फुटलं. मग बांध फुटल्यासारखी पंगत बोलायला लागली. एक हमाल म्हणाला, पंजाबराव सकाळी राम राम करत, तुमी करत नाई. दुसरा म्हणाला, पगार टायमावर होते, थे मात्र चांगलं हाये. एक बाई म्हणाली, तुमी आमच्या हातातलं काम हिसकून स्वतः करता, आमाले का हात नाईत? एकजण म्हणाला, पनीर कच्चं होतं. प्रत्येक वाक्याला वर्षालीच्या जिभेवर उत्तर तयार होतं, अगदी तेल लावून तयार, आणि ती ते गिळत होती आणि वाकत होती. कंबर भरून आली. धुरानं डोळे चुरचुरत होते. तिसऱ्या ओळीपर्यंत तिला असं वाटायला लागलं की आपण चालत नाही, बादलीच आपल्याला पुढे नेतेय, आणि हे सगळे आवाज झाडांतून येताहेत.

कुंदन शेवटी बसला होता. एकदा वाढून झालं, दुसऱ्यांदा झालं, तो बोलला नाही. रोडगा फोडून त्यात तूप मुरवत राहिला. तिसऱ्यांदा ती त्याच्यासमोर वाकली तेव्हा तिला वाटलं, नाहीच बोलणार हा, जाणार उद्या, आणि आपल्याला जन्मभर कळायचं नाही.

"मॅडम," कुंदन पत्रावळीकडे बघत म्हणाला, "दिवाळीनंतर पट्टा तुटला. तुमी शेठजीले सांगतलं, चूक माही हाये."

"अजून घे."

"सारे म्हनले, मॅडमचं मन मोठं. मिस्त्रीले वाचवलं. माही बायको म्हने, जाऊन पाया पड त्याईच्या." त्याने घास खाली ठेवला. "पन मॅडम, चूक तुमचीच होती."

आजूबाजूचं चावणं थांबलं.

"त्या दिशी दहिवरातला कापूस आला होता. ओला. म्या मूठभर आनून तुमच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, एक दिवस उन्हात वाळू द्या, रेच्यात नका टाकू. तुमी फोनवर होत्या. हातानं म्हटलं, चालू दे. म्या चालू देल्लं. थो कापूस रोलरले गुंडाळला, अन् पट्टा गेला." तो पहिल्यांदा वर बघून बोलला. "तुमी शेठजीले खरं सांगतलं. पन खोटं समजून सांगतलं. म्हनून मी चोर झालो. एक डाव मले इचारलं असतं, कुंदन, काय झालं, तं मले एवढंच पुरलं असतं."

वर्षालीला आपला हात दिसला. स्वच्छ दिसला, मनगटावरच्या घड्याळासकट, हवेत दोनदा हललेला. माशी हाकलावी तसा. टेबलावर पडलेली कापसाची ओली मूठही दिसली, जी तिने संध्याकाळी केरात टाकली होती. आणि फोनवर कोण होतं तेही आठवलं. शेठजी होते. गाड्या खोळंबू देऊ नका, कापूस कसा का असेना, मशीन बंद नाही राहिली पाहिजे, असं तेच कानात ओरडत होते. हे सांगितलं असतं तर निम्मी चूक तिच्या अंगावरून उतरली असती. शब्द दातांपर्यंत आले. तिने पळी बादलीत खोल बुडवली. इतक्या माणसांसमोर इतकं उघडं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि ज्या रात्री आपण इतकं छान झोपलो त्या रात्री हिवरखेडच्या एका घरात कोण जागं होतं, ते तिला आत्ता कळत होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"अजून घे, कुंदन," ती म्हणाली, आणि त्याच्या द्रोणात वरण वाढलं. थोडं बाहेर सांडलं. त्याने ते रोडग्यानं पुसून खाल्लं.

पंगत उठली. हात धुवून झाले तरी माणसं गेली नाहीत, झाडांखाली रेंगाळत राहिली. वाढणाऱ्यानं शेवटी बसायचं असतं, म्हणून वर्षाली एकटीच एका पत्रावळीपुढे बसली. मोतीराम बादली घेऊन यायला निघाला, तर कुंदननं ती त्याच्याकडून घेतली आणि तिला वाढलं. आता बोलायची पाळी तिची होती.

"खरं हाये," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कुंदननं सांगतलं होतं मले, कापूस ओला हाये म्हनून. म्या आयकलं नाई. चूक माहीच होती, अन् म्या त्याच्यावर उपकार केल्यासारकी सांगतली." मग खालच्या आवाजात विचारलं, "थांबतं का?"

कुंदननं बादलीत पळी फिरवली. "तथी, अकोल्याले, शब्द देल्ला म्या. जा लागन." आणि थोड्या वेळानं, "अगुदर इचारलं असतं तं गेलो नसतो."

तिला रडू आलं. लपवायला पदर वर न्यावा, तर हात तुपाचे होते. तशीच रडली ती, घास तोंडात घेऊन, आणि कोणी दुसरीकडे पाहिल्याचं नाटक केलं नाही. तिचा मित्र जात होता, तिच्यामुळे जात होता, आणि ते आता सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कितीतरी महिन्यांनी तिला भूक लागल्यासारखं वाटलं.

कुंदन मात्र बादली घेऊन उभाच होता. तो वळला आणि खुर्चीत विसावलेल्या ओमप्रकाश शेठकडे गेला. "शेठजी," तो म्हणाला, "मी तं चाल्लो. आता तुमी वाढा."

शेठजींनी आजूबाजूला पाहिलं. कोणी हसलं नाही. ते गुडघ्यांवर हात ठेवून उठले, बादली घेतली, आणि कण्हत कण्हत तिच्या पत्रावळीपुढे वाकले. त्यांचं पांढरं डोकं वर्षालीने इतक्या जवळून, असं खाली झुकलेलं, कधी पाहिलं नव्हतं. तिला भीती वाटली नाही.

"शेठजी," ती म्हणाली, "त्या दिशी फोनवर तुमी होते."

शेठजींनी तोंड उघडलं. धुरात उभी असलेली सगळी जिनिंग त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तोंड मिटलं, पळी भरली आणि तिच्या द्रोणात हळूच वरण ओतलं.

"और ले, बेटा," ते म्हणाले.